मधेच थांबणारी रेघ

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला एक जुना टेबललँप दिसेल. लोखंडी बैठक, दोन कोपरं असलेला हात आणि डोक्यावर हिरवी टोपी. यात तुमच्या नजरेची चूक काही नाही, फक्त माझ्यात दिवा नाही. तो काढून घेतला त्याला बरीच वर्षं झाली. डोक्यात उजेड नसताना महाविद्यालयात टिकून राहिलेला मी काही एकटाच नाही. मोकळेपणी कबूल करणारा मात्र एकटाच असेन.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या फिटरने माझी स्प्रिंग ताणून पाहिली, मान वरखाली केली आणि मला पेटीत भरताना म्हणाला, "जा बाबा. मान खाली घालून काम कर, कुणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस." लहानपणचा उपदेश इतका तंतोतंत पाळणारा दुसरा कुणी मला अजून भेटलेला नाही. मान मी कायम खालीच घातली. त्यामुळे मला माणसांचे चेहरे ठाऊक नाहीत. मी माणसं ओळखतो ती हातांवरून आणि आवाजावरून.

माझी पहिली नेमणूक महाविद्यालयाच्या वाचनालयात झाली. लांबलचक टेबल, आणि त्यावर आम्ही भावंडं ओळीने उभी. माझ्या उजेडात कितीतरी हात येऊन गेले. नखं कुरतडलेले, शाईने माखलेले, पुस्तकात बोट घालून तासभर त्याच पानावर थांबलेले. दोन वेगळ्या विषयांची पुस्तकं उघडी ठेवून हळूहळू एकमेकींपर्यंत पोचलेल्या दोन करंगळ्याही मी पाहिल्या. अध्यातमध्यात पडलो नाही. माझ्याखाली अभ्यास केला की पेपर सोपा जातो, अशी माझी ख्याती झाली होती. परीक्षा जवळ आली की माझ्या जागेवरून भांडणं व्हायची.

"ऊठ ना, काल तूच बसला होतास इथे!"

"काल मी झोपलो होतो. अभ्यास आज करतोय!"

असं कानावर पडलं की मला उगाचच भरून यायचं.

मग वाईट दिवस आले. ते काही वाजतगाजत येत नाहीत. शेजारच्या भावाचा बल्ब गेला आणि नवा आलाच नाही, तेव्हा मला पहिली शंका आली. शहरातले कारखाने एकेक करून गप्प होत होते. घरोघरचे पगार थांबले, फी थकली, आणि वरून येणारं अनुदान वरच राहिलं. वाचनालयातली वर्तमानपत्रं बंद झाल्यामुळे वाईट दिवस आल्याची बातमी आम्हाला जरा उशिराच कळली. महाविद्यालयाने तातडीने काटकसर समिती नेमली. कामाचा व्याप फार असल्याने या समितीने पहिल्याच बैठकीत दोन उपसमित्या नेमल्या. त्यांतल्या एकीने वाचनालय अंधार पडायच्या आत बंद करायचं ठरवलं. मग दिव्यांचं काय करायचं, हा प्रश्न आपोआप सुटला. आमची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली.

तिथे मी किती काळ होतो ते सांगता येणार नाही. अडगळीत काळ नसतो, धूळ असते. एके दिवशी कुलूप निघालं आणि दोन माणसांचे हात माझ्यापर्यंत आले. एका हाताच्या प्रत्येक बोटावर चिकटपट्टीचा एकेक तुकडा तयार ठेवलेला होता. हे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. मोडलेली कुठलीही वस्तू ते चिकटपट्टीने जोडत, म्हणून सगळं महाविद्यालय त्यांना पट्टीकाका म्हणायचं. दुसरा हात किडकिडीत होता. बोटांच्या पेरांत खडूची पावडर कायमची मुरलेली. हा गणिताच्या बाईंचा हात. त्यांनी माझी मान धरून हलक्या हाताने फिरवून पाहिली.

"हा चालेल?" बाईंनी विचारलं.

"उभा राहतोय ना? मग झालं," पट्टीकाका म्हणाले. "आपल्याकडे सध्या उभं राहणारं काहीही चालतं."

झालं होतं असं. पुलापलीकडे आमच्या महाविद्यालयाची एक शाखा होती. शाखा म्हणजे काय, तर फर्निचरच्या दुकानाच्या वरचा एक मजला. दिवसभर राबणारी माणसं संध्याकाळी तिथे शिकायला यायची. काटकसरीच्या झपाट्यात तिथल्या गणिताच्या शिक्षकांना घरी पाठवण्यात आलं. गणित बंद म्हणजे पदवी अर्धवट. कामावरून सुटून पूल ओलांडून इकडे येणं त्या लोकांना जमणारं नव्हतं. दूर बसून शिकवायची यंत्रं विकणारे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी किंमत इतक्या हळू आवाजात सांगितली की प्राचार्यांनी ती दोनदा विचारली आणि मग पाणी मागितलं.

तेव्हा बाई म्हणाल्या, "मी दोन्हीकडे शिकवते. एकाच वेळी. माझा हात तेवढा तिकडे दिसला पाहिजे. बाकी माझ्यात बघण्यासारखं आहेच काय?"

बाईंचे केस म्हणे शिकवता शिकवता पिकले होते, पण त्यांची नेमणूक अजून वर्षावर्षाची होती. दर वर्षी सुट्टी संपताना त्या नव्या उमेदवारासारख्या अर्ज करायच्या आणि वर्षभर शिकवायच्या. असल्या माणसाने कुणाच्या नजरेत न येता राहावं, हा शहाणपणा. बाईंनी तो पाळला नाही.

पट्टीकाकांनी माझा दिवा काढला आणि त्या जागी मोडीत निघालेल्या संगणकाचा कॅमेरा चिकटवला. डोकं जड झालं, मान गळायला लागली. मग तोल राखायला त्यांनी माझ्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा टांगला.

"कसल्या हो या किल्ल्या?" बाईंनी विचारलं.

"बंद केलेल्या विभागांच्या. भूगोल, तत्त्वज्ञान, संख्याशास्त्र."

"भूगोल काढा. मागे झुकतोय."

भूगोल निघाला, तत्त्वज्ञान आणि संख्याशास्त्र राहिलं, आणि माझी मान स्थिर झाली. दोन विभागांनी मिळून एखादी गोष्ट तोलून धरल्याचं आमच्याकडचं हे एकमेव उदाहरण.

काम साधं होतं. बाई माझ्याखाली कागदावर लिहायच्या. ते चित्र वर्गातल्या भिंतीवर दिसायचं, आणि तारेतून पुलापलीकडे जाऊन शाखेच्या चुना मारलेल्या भिंतीवरही दिसायचं. आवाजासाठी दोन्हीकडे एकेक माइक आणि एकेक स्पीकर. पहिला तास उत्तम झाला. तिकडून एकही तक्रार आली नाही. तास संपल्यावर पट्टीकाका सायकल मारत शाखेत गेले, तेव्हा कळलं की तिकडच्या भिंतीवर चित्र उलटं पडत होतं. खालचं वर, वरचं खाली. सगळ्या वर्गाने उलटी अक्षरं तशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि आता तो वह्या फिरवून वाचत बसला होता.

"अहो, मग बोलायचं नाही का?" पट्टीकाकांचा आवाज माझ्यापर्यंत स्पीकरमधून आला.

"आम्हाला वाटलं, नवीन पद्धत असेल," एक बाईमाणूस शांतपणे म्हणालं.

या होत्या सिस्टर. दिवसा रुग्णालयात परिचारिका, संध्याकाळी विद्यार्थिनी, वयाने वर्गात सगळ्यांत मोठ्या. पदवी हाती आली की त्यांना वॉर्डची प्रमुख होता येणार होतं. पहाटेच्या पाळ्या सुटणार होत्या. "एकदा सकाळी उठून पोरीची वेणी मला स्वतःला घालायचीय हो," असं त्या एकदा शेजारणीला म्हणाल्या होत्या. माइक बंद आहे असं समजून.

मित्रांनो, त्या उलट्या अक्षरांना इकडे सगळे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. "किती विश्वास आहे बघा," एवढंच म्हणाल्या.

पुढची काही वर्षं माझी सुखाची गेली. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी माझ्याखाली फुलं चिरली. हिशेबशास्त्राच्या मॅडमनी ताळेबंद मांडले, ते जुळेनात, आणि न जुळण्याची मजा दोन्ही वर्गांनी एकदम लुटली. एक पत्रकार आला. त्याच्यासमोर प्राचार्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि ही मूळ संकल्पना त्यांना आंघोळ करताना कशी सुचली ते सांगितलं. पट्टीकाका तेव्हा टेबलाखाली बसून तार धरून होते, कारण ती सोडली की चित्र जायचं. दुसऱ्या महाविद्यालयांतली माणसं मला बघायला येऊ लागली. दाराशी उभं राहून म्हणायची, "यात काय विशेष?" आणि घरी जाऊन टेबललँप शोधायची.

बाईंचा हात थरथरतो, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. कळणारच. मी दुसरीकडे कुठे बघत होतो?

सुरुवात अंगठ्यापासून झाली. मग मनगट. अक्षरं त्या कशाबशा आवरायच्या, कारण अक्षर लहान असतं. लांब रेघ मात्र आवरेना. आलेखाचा अक्ष असो की सिद्धता पुरी झाल्यावर खाली मारायची रेघ असो, अर्ध्यावर हात भरकटायचा. बाईंनी त्यावर उपाय काढला. रेघ अर्ध्यावर थांबवायची. पेन उचलायचं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं, एक श्वास घ्यायचा, आणि उरलेली अर्धी रेघ ओढायची. मधे थोडी फट राहायची. कुणीतरी एकदा टेबलावर पट्टी आणून ठेवली. पण पट्टी धरायला डावा हात लागतो, आणि तो तर कामात होता.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. बाई वह्या तपासता तपासता तो माझ्याखालीच ठेवून बोलायच्या.

"ताई, दाखवलंस का कुणाला?"

"दाखवते गं. परीक्षा होऊ देत."

"तुझ्या परीक्षा मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहेत!"

"मग आता संपतीलच," बाई म्हणायच्या. फोन ठेवून दोन्ही हात एकमेकांत गुंतवून थोडा वेळ बसायच्या.

दाखवायची भीती रोगाची नव्हती. नेमणुकीची होती. हात दाखवून पोट भरणारं माणूस होतं ते, आणि महाविद्यालय माणसं कमी करायला निमित्तच शोधत होतं.

आमच्या वर्गातली मुलं काही बोलली नाहीत. पण बाईंचा हात थांबला की वर्गातली कुजबुज थांबायची, आणि रेघ पुरी झाली की पुन्हा सुरू व्हायची. तिकडून मात्र सिस्टर मधेच म्हणायच्या, "मॅडम, दोन मिनिटं थांबता का? आमच्यातल्या काहींचं उतरवून व्हायचंय." बाई थांबायच्या. त्या दोन मिनिटांत स्पीकरमधून पेनाचा आवाज कधीच यायचा नाही. सगळ्यांचं उतरवून झालेलं असायचं.

आणि मग तो दिवस आला. दाराशी प्राचार्य पाहुण्यांना घेऊन उभे होते. बाईंनी आलेखाचा अक्ष काढला, अर्धा, फट, अर्धा. पलीकडून एका तरुण मुलाचा आवाज आला.

"मॅडम, रेघ मधे सोडायची का?"

बाईंचा हात माझ्याखाली गारठल्यासारखा थांबला. दाराशी प्राचार्य खाकरले.

"हो," बाई म्हणाल्या. "सोडा."

जी माणसं उलटी अक्षरं उतरवून घेतात, ती सांगितलेली फट कशी चुकवतील? वर्षअखेरीच्या परीक्षेत शाखेतल्या एकूण एक विद्यार्थ्यांनी प्रत्येक अक्ष, प्रत्येक सिद्धतेखालची रेघ मधे सोडून काढली. तीच जागा, तेवढीच फट. तपासणारे परीक्षक कुठले कोण. त्यांनी उत्तरपत्रिका शेजारीशेजारी ठेवल्या आणि शेरा मारला: सामूहिक नक्कल.

शाखेचा निकाल रोखला गेला. चौकशी समिती बसली. काटकसर समितीला झाल्या प्रकाराचं अतिशय दुःख झालं, आणि त्या दुःखात तिने शाखा कायमची बंद करण्याचा मसुदाही तयार ठेवला.

प्राचार्य वर्ग रिकामा बघून बाईंकडे आले. "मॅडम, तुम्ही यात पडू नका. नेमणुकांचे दिवस आहेत."

"पण फट मीच—"

"तुम्हीच शिकवली म्हणता? मग इथल्या मुलांनी का नाही काढली? शिक्षिका तीच, तास तोच, भिंतीवरचं चित्र तेच. इथे एकाच्याही पेपरात फट नाही. तुमचं म्हणणं कुणाला पटेल?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. वाईट दिवसांत या दोन गोष्टी ओळखू येत नाहीत.

चौकशी आमच्याच वर्गात झाली. समितीचा प्रवासभत्ता काटकसरीत कापला गेल्याने पूल ओलांडून जाणं तिला परवडत नव्हतं. म्हणून शाखेची जबानी माझ्यामार्फत घ्यायचं ठरलं. अध्यक्ष माझ्यासमोर बसले, आणि मी नेहमीप्रमाणे खाली बघत राहिलो. त्यामुळे चौकशीभर शाखेला भिंतीवर समितीची फक्त बोटं दिसत होती. अध्यक्षांची बोटं जाडजूड होती आणि टेबलावर सारखी वाजत होती. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं.

एकेक विद्यार्थी बोलू लागला. कुणी म्हणालं, सवय. कुणी म्हणालं, तशीच असते ना रेघ? ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता तो म्हणाला, "आम्हाला तर मॅडमनी..." आणि तिथेच कुणीतरी त्याला गप्प केलं. मग सिस्टरांचा आवाज आला.

"साहेब, मी बोलू का?"

"बोला. तुम्ही रुग्णालयात जबाबदारीच्या जागी आहात. ही फट का?"

"मी काढली, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आधी काढली. माझं बघून बाकीच्यांनी. मी पुढे बसते, वयाने मोठी, त्यांना वाटलं माझं बरोबर असेल. दोष द्यायचा तर मला द्या. पोरांचे निकाल सोडा."

अध्यक्षांची बोटं थांबली. "याचा अर्थ तुम्हाला कळतो ना? तुमची परीक्षा रद्द होईल. पुन्हा बसायला मिळेलच असं नाही."

"कळतो."

"आणि मॅडमनी शिकवलं, असं जे तो मुलगा म्हणत होता..."

"मॅडमचं यात काही नाही," सिस्टर पटकन म्हणाल्या. "त्यांचं नाव नका काढू."

तेव्हा मला लख्ख कळलं, आणि मागच्या बाकावर बाईंनाही कळलं असणार. रोज इतक्या माणसांचे हात हातात घेणाऱ्या सिस्टरांना भिंतीवरची ती फट काय आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून ती दोन मिनिटं.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब, जरा हात बाजूला घ्या," बाई म्हणाल्या.

"मॅडम, आपल्याला अजून बोलावलेलं—"

"जरा घ्या."

जाड बोटं माझ्याखालून गेली. कोरा कागद आला. मग तो किडकिडीत हात आला, एकटाच. डावा हात बाईंनी मागे घेतला होता. त्यांनी पेन टेकवलं आणि एक लांब रेघ ओढायला सुरुवात केली. न थांबता, न धरता, जशी येईल तशी. मित्रांनो, ती रेघ इथल्या भिंतीवर दिसली आणि पुलापलीकडच्या भिंतीवरही दिसली. तिचं वर्णन मी करणार नाही. ती माझ्या बाईंची होती.

रेघ कागदाच्या कडेला पोचली. बाईंनी पेन उचललं, डाव्या हाताने मनगट धरलं आणि तिच्याखाली दुसरी रेघ काढली. अर्धी, फट, अर्धी.

"ही ती फट," त्या म्हणाल्या. "मुलाने विचारलं, सोडायची का. मी घाबरले होते. हो म्हणाले. त्यांनी नक्कल केली हे खरं आहे, साहेब. पण माझी केली."

जाड बोटांनी तो कागद जवळ ओढला. मग अध्यक्षांनी विचारलं, पण आता आवाज चौकशीचा नव्हता. "इथल्या मुलांनी मग का नाही काढली?"

"इथल्यांना मी दिसते, साहेब. तिकडच्यांना फक्त रेघ दिसते."

स्पीकरमधून सिस्टरांचा आवाज आला. "मॅडम, हात खाली ठेवा आता. दमलाय तो."

निकाल जाहीर झाला. समितीचा अहवालही आला. तो भलताच जाड होता आणि त्यात माझा उल्लेख 'सदर उपकरण' असा होता. शाखा बंद करण्याचा मसुदा काटकसर समितीने दुसऱ्या कामासाठी राखून ठेवला. बाईंच्या नेमणुकीबद्दल मात्र कुणी काही बोलेना.

"तुमच्याबद्दल आदर आहेच, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "पण आता लिहिणार कोण?"

हा प्रश्न बाईंनी पुढच्या तासाला वर्गालाच विचारला. कागदावर हात न ठेवता त्या म्हणाल्या, "आजपासून मी लिहिणार नाही. मला जमत नाही. मी बोलते. कोण येतंय?"

मग नखं कुरतडलेला, शाईने माखलेला एक हात भीतभीत माझ्याखाली आला. बाई सांगत गेल्या, तो हात लिहीत गेला. आणि थोड्याच वेळात पुलापलीकडून ओरडा झाला.

"अहो, चुकलं! चिन्ह चुकलं!"

"कुठे?"

"वरून तिसरी ओळ!"

"बरोबर आहे ते!"

"डोंबलाचं बरोबर! मॅडम, सांगा ना यांना!"

"मी कशाला सांगू?" बाई म्हणाल्या. "भांडा. सिद्ध करून दाखवा."

ही तीच माणसं होती, ज्यांनी उलटी अक्षरं निमूट उतरवून घेतली होती. बाईंच्या हाताला ती कधी चूक म्हणाली नसती. आपल्यासारख्याच चुकणाऱ्या हाताला मात्र त्यांनी अर्धा तास सोडलं नाही. चिन्ह खरोखरच चुकलेलं होतं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

मग शाखेलाही आपला हात दाखवायचा होता. पट्टीकाकांनी अडगळीतून माझा एक भाऊ काढला, त्याला कॅमेरा चिकटवला, पाठीला भूगोल टांगला आणि सायकलवर घालून पुलापलीकडे नेला. एक दिवस इकडचा हात, एक दिवस तिकडचा. बाई मधे बसून बोलायच्या. गणिताचे तास इतके गजबजले की दुसऱ्या महाविद्यालयांतून पाहुणे पुन्हा येऊ लागले. प्राचार्यांना ही संकल्पनाही आंघोळ करतानाच सुचली. पाहुण्यांना दाखवायला बाई लागतच होत्या. त्यामुळे त्यांची नेमणूक झाली, आणि पदाचं नाव इतकं लांब ठेवलं गेलं की ते पत्राच्या एका ओळीत मावलं नाही.

आता बरे दिवस आले आहेत. वर्गात भिंतीएवढा काचेचा फळा आलाय. त्याला बोट लावलं की तो परवलीचा शब्द मागतो, आणि तो शब्द रजेवर गेलेल्या माणसाला ठाऊक असतो. मी कपाटावर असतो. अधूनमधून मला खाली काढतात, फळ्याचा परवलीचा शब्द सापडेपर्यंत. माझी तक्रार नाही. पण जाण्याआधी एका दुपारची गोष्ट सांगतो.

पदव्या वाटल्या त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा पूल ओलांडून आमच्या वर्गात आल्या. वर्गात गर्दी होती. दारातून त्यांचा तो ओळखीचा आवाज आला, "मॅडम!", आणि त्या सरळ जाऊन हिशेबशास्त्राच्या मॅडमच्या गळ्यात पडल्या. हिशेबशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, मी ती नव्हे गं!" सगळे हसले. सिस्टर ओशाळून गेल्या. इतकी वर्षं शिकल्या, पण बाईंचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बाई तर मुलांच्या बाकावर मुलांमध्ये बसलेल्या. त्या उठून टेबलापाशी आल्या आणि नुसता हात माझ्याखाली ठेवला.

भिंतीवर तो हात दिसला.

मला पुढचं दिसलं ते एवढंच. दुसरा एक हात आला, साबणाने खरखरीत झालेला, नखं अगदी बारीक कापलेली. त्याने बाईंचा हात उचलला नाही, नुसता वरून झाकला. थरथर थांबली नाही. ती थांबणारी नव्हतीच. पण आता ती दोघींची होती.

"दाखवलंत कुणाला?" सिस्टरांनी विचारलं.

"दाखवते. परीक्षा..."

"झाल्या परीक्षा. सोमवारी दुपारी मी मोकळी आहे. तुम्ही येताय. मी रुग्णालयाच्या दाराशी उभी असेन."

"बरं," बाई म्हणाल्या. वर्गाला कायम कामाला लावणारं ते माणूस एखाद्या मुलीसारखं "बरं" म्हणालं.

तर मित्रांनो, मला पुसा असं मी म्हणणार नाही. धुळीची मला सवय आहे. पण तुमच्या शिक्षणात आता भिंती फार झाल्यात आणि त्यांवर रेघाच रेघा दिसतात. एखादी रेघ मधेच थांबलेली दिसली, तर ती उतरवून घेण्याआधी आणि तिच्यावर लाल शेरा मारण्याआधी एकदा विचारा, हात कुणाचा आहे. आणि तो दमला असेल, तर म्हणा, "मॅडम, दोन मिनिटं थांबता का?" तुमचं उतरवून झालेलं असलं तरीही.